आईवडिलांना तीन दिवसांत मुंबई दाखवायची आहे. कोणती ठिकाणे चुकवू नयेत?

प्रश्न (परभणीकर)

नमस्कार. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत. गेटवे ऑफ इंडिया, व्हिक्टोरिया टर्मिनस, घारापुरीची त्रिमूर्ती ही चित्रे त्यांनी तीस-बत्तीस वर्षे पाठ्यपुस्तकातून मुलांना दाखवली. पण यांपैकी एकही वास्तू त्यांनी स्वतः निवांतपणे पाहिलेली नाही. शिक्षकांच्या एका मोर्चासाठी ते एकदा मुंबईला आले होते. सकाळी गाडीतून उतरले, दिवसभर आझाद मैदानात बसले आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत निघाले. त्या घोळक्यात मान वर करून काही पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. आईने तर मुंबई पाहिलेलीच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात दोघांना घेऊन तीन दिवसांसाठी यायचा विचार आहे. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी पोहोचू आणि तिसऱ्या दिवशी रात्री परत निघू. वडिलांचे वय ७१ असून ते भरपूर चालतात. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास चालू शकते, पण जिने चढणे तिला जड जाते. आमच्या एका नातेवाइकांनी मागच्या वर्षी एका दिवसात सगळी मुंबई दाखवणारी बस केली होती. परत आल्यावर त्यांना एवढेच सांगता आले की, गाडी फार वेळ सिग्नलला उभी होती आणि समुद्र डाव्या बाजूच्या खिडकीतून दिसला. मला तसे करायचे नाही. ठिकाणे कमी झाली तरी चालतील, पण जे पाहू ते वडिलांच्या लक्षात राहावे आणि आईला त्रास होऊ नये. तिथे राहणाऱ्या किंवा काम केलेल्या माणसांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद (फोर्टमधील निवृत्त कर्मचारी)

माझी तीस वर्षांची नोकरी फोर्टमध्ये झाली, त्यामुळे माझे मत थोडे त्या बाजूला झुकलेले असणार, हे आधीच मान्य करतो. तरीही आग्रहाने सांगतो की, तुमच्या वडिलांसारख्या माणसाने पहिला पूर्ण दिवस गेटवे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या पट्ट्यातच घालवावा. नकाशावर हे अंतर दोन-अडीच किलोमीटरचे आहे, आणि तेवढ्या अंतरात दीडशे वर्षांचा इतिहास उघड्यावर उभा आहे. त्याला तिकीट नाही आणि रांगही नाही.

देवगिरीने येणाऱ्या बहुतेक प्रवाशांचे काय होते ते आधी सांगतो. लांब पल्ल्याच्या गाड्या स्थानकाच्या पूर्वेकडच्या फलाटांवर लागतात. सामान घेतलेली माणसे जवळच्या वाटेने पी. डी'मेलो मार्गाच्या बाजूला बाहेर पडतात, टॅक्सी पकडतात आणि निघून जातात. ज्या इमारतीचे चित्र आपण लहानपणापासून पाहिले तिची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. ती त्यांच्या दृष्टीसच पडत नाही. पण तुम्हीही सकाळी ती पाहण्याची घाई करू नका. दर्शनी भाग पश्चिमेला असल्याने सकाळी तो सावलीत असतो आणि दगड काळपट दिसतो. दुपारी चारनंतर ऊन त्यावर पडले की तीच नक्षी उठून दिसते. म्हणून सामान मुक्कामाच्या जागी टाका, न्याहारी करा, सुरुवात गेटवेपासून करा आणि संध्याकाळी स्थानकापाशी या. लोक साधारण उलट क्रमाने जातात.

गेटवेला जितके लवकर जाल तितके बरे. सुटीच्या दिवशी दहानंतर तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची आणि लाँचवाल्यांची एवढी गर्दी होते की, कमानीवरची जाळी पाहायला उभे राहणे अवघड होते. वडिलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. पंचम जॉर्ज इथे उतरले १९११ च्या डिसेंबरात, कमानीची पायाभरणी झाली १९१३ मध्ये आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे ज्या राजाच्या आगमनाची ही आठवण, त्याच्या आगमनाच्या वेळी ही कमान नव्हतीच. जॉर्ज विटेट यांनी तिचे शिल्प सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुशैलीवरून घडवले आणि बांधकामाला पिवळसर बेसॉल्ट वापरला. उंची २६ मीटर आहे. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी बोटीवर चढली. कमानीकडे पाठ केली की समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. तो २६ जानेवारी १९६१ रोजी बसवला गेला. इतिहास शिकवलेल्या माणसाला त्या दोहोंच्या मध्ये पाच मिनिटे नुसते उभे राहू द्या, काही सांगू नका.

तिथून चालत दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, इमारत पूर्ण झाल्यावर पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली. हीदेखील विटेट यांचीच रचना. घुमट पाहून वडिलांना विजापूरचा गोलघुमट आठवेल आणि ते बरोबरच आहे, कारण तोच नमुना समोर ठेवला होता. आत गेल्यावर मधल्या दालनातील लाकडी कमानी आणि खांब हात न लावता जवळून पाहा. ते नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवले आहेत. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नका. शिल्पदालन आणि सिंधू संस्कृतीच्या वस्तू पाहा. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मात्र शोधून काढा. वर्गात 'सम्राट अशोकाने शिलालेख कोरले' असे शेकडो वेळा सांगितलेल्या शिक्षकाला ती अक्षरे समोर दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. दोन तास पुरेत. मधूनमधून बसता येते, त्यामुळे आईला त्रास होणार नाही.

जेवण करून, ऊन थोडे उतरल्यावर ओव्हल मैदानात जा. मैदानाच्या मध्यावर उभे राहून पूर्वेला पाहिले की उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतात. पश्चिमेला वळले की गोलसर कोपऱ्यांच्या बाल्कन्या असलेली १९३० च्या दशकातील निवासी घरे दिसतात. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. यामागचे कारण वडिलांना रुचेल असे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पूर्वेकडच्या या इमारती उठल्या. पश्चिमेकडची घरे पुढे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर आली. राजाबाई टॉवरसाठी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. त्यांच्या दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ घंटेवरून कळावी म्हणून हे केले, अशी गोष्ट सांगतात. मनोरा सुमारे ८५ मीटर उंच आहे. परभणीच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या पाहत वाढलेल्या माणसाला हा धागा मी सांगण्याआधीच दिसेल.

मग हुतात्मा चौक. तिथले फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ चे आहे आणि त्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक आहे. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार अशी ती जोडी आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि १ मे १९६० रोजी आपण सगळे ज्या राज्यात एकत्र आलो त्याची किंमत इथे मोजली गेली. टॅक्सीतून जाताना हा चौक अर्ध्या मिनिटात मागे पडतो. कृपया उतरा.

शेवटी स्थानक. महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोरच्या बाजूने पाहा, तिथून संपूर्ण इमारत नजरेत मावते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी हे स्थानक बांधले. काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. तिथे तुमच्या पाठीमागे असलेले महापालिका मुख्यालयही त्यांचेच, १८९३ चे. घुमटावरची स्त्रीमूर्ती प्रगतीचे प्रतीक आहे. तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे; सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. दर्शनी भागावर गोल चौकटींत माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. रेल्वे कंपनीच्या त्या मंडळींमध्ये जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचेही चेहरे आहेत. मोठ्या घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे; तिथे राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. दगडातील मोर, माकडे, पाने-फुले हे काम सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. घरची लहान दुर्बीण असेल तर बरोबर आणा. मी तीस वर्षे रोज तिथून ये-जा केली आणि खिडकीवरची एक कोरलेली खार मला निवृत्तीच्या वर्षी दिसली.

प्रतिसाद (दादरकर)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त तारखांबाबत लिहितो. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दोन-तीन दिवसांत देशभरातून, आणि मराठवाड्यातून तर फारच मोठ्या संख्येने, लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. गाड्या भरलेल्या असतात आणि शिवाजी पार्कचा सगळा परिसर माणसांनी आणि पुस्तकांच्या दुकानांनी फुललेला असतो. वडिलांना तो दिवस अनुभवायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात या. पुस्तके घ्यायची असतील तर त्याहून चांगली जागा नाही. मात्र आईंना रांगेत फार वेळ उभे राहणे जमणार नाही, म्हणून त्या दिवशी त्यांना घरी किंवा मुक्कामाच्या जागी थांबू द्यावे. गर्दी नको असेल तर सरळ दुसरा आठवडा धरा. इतर दिवशी चैत्यभूमी फार शांत असते. १९५६ मध्ये बाबासाहेबांवर जिथे अंत्यसंस्कार झाले त्या जागी हा स्तूप आहे. मागे समुद्र आहे. तिथून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. स्वतःच्या ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून बाबासाहेबांनी ते घर बांधले. शिक्षकाने ते पाहिलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते, आणि मुंबईच्या पर्यटनाच्या बहुतेक याद्यांत त्याचे नाव नसते याचे वाईट वाटते.

आईंना सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचे असेलच. मंगळवार टाळा. भुयारी मेट्रोचे सिद्धिविनायक नावाचेच स्थानक आता झाले आहे, आणि मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक (लिफ्ट) असल्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद (लेण्यांचा अभ्यासक, ठाणे)

तुमच्या वडिलांनी त्रिमूर्तीचे चित्र मुलांना दाखवले आहे, म्हणून घारापुरी टाळू नका. पण ती आईंसह कशी करायची याचा आधी नीट विचार करा, कारण अडचण लेण्यात नाही, वाटेत आहे.

गेटवेच्या धक्क्यावरून लाँचला साधारण एक तास लागतो. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, काही वेळा एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकून जावे लागते, आणि लाटेबरोबर दोन्ही खाली-वर होत असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा क्षण सगळ्यात कठीण जातो. लाँचवरच्या माणसाला आधीच सांगितले तर तो हात देतो. जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि पूर्ण वेळ अंगावर ठेवा. यात संकोच करू नका. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. त्यापुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकाने आहेत, आणि ज्यांना चढणे जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. भाव आधी ठरवून घ्या. सोमवारी लेणी बंद असतात. शक्यतो सकाळची पहिली किंवा दुसरी लाँच पकडा.

आता लेण्याविषयी. मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकातील आहे. उत्तरेकडून आत शिरलात की समोर खांबांच्या ओळीपलीकडे, दक्षिण भिंतीच्या मध्यभागी ती मूर्ती अंधारातून हळूहळू पुढे येते. म्हणून आत गेल्या-गेल्या विजेरी लावू नका. डोळे सरावू द्या. तिला आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि पुष्कळ जण ब्रह्मा, विष्णू, महेश असे तीन चेहरे सांगतात. जाणकार तिला सदाशिव मानतात. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत, डोळे मिटलेले. एका बाजूचे उग्र, मिशा असलेले, हाती सर्प. दुसऱ्या बाजूचे मऊ, जवळजवळ स्त्रीचे, हाती कमळ. मूर्तीची उंची वीस फुटांच्या जवळपास आहे. खालचा ओठ किती जाड आणि किती जिवंत कोरला आहे ते बाजूने पाहा. वडिलांनी वर्गात जे सांगितले त्यात ही एक दुरुस्ती त्यांना इथे समोर उभे राहून करता येईल, आणि मला खात्री आहे की ती त्यांना आवडेल. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. शिवपार्वतीच्या लग्नाच्या पटात पार्वती किंचित लाजून मान खाली घालून उभी आहे. मोडतोड होऊनही ते लाजणे शिल्लक राहिले आहे. पोर्तुगीज काळात इथे फार नासधूस झाली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती आता बेटावर नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे.

आईंना लाँचची भीती वाटत असेल तर कान्हेरी हा दुसरा पर्याय आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि उद्यानाच्या आतून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वाहन जाते. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनेचे दालन, प्रवेशाजवळच आहे. तेवढे पाहून आई बाहेर सावलीत बसू शकतात आणि वडील वर जाऊ शकतात. मला स्वतःला कान्हेरीत सगळ्यात जास्त भावते ते पाणी. बहुतेक लेण्यांच्या बाहेर खडकात खोदलेले टाके आहे, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्या टाक्यांपर्यंत आणणाऱ्या चऱ्या आजही दिसतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतात तिथल्या माणसाने त्या चऱ्या बोटाने माग काढीत पाहाव्यात. दान देणाऱ्यांचे लेख भिंतींवर आहेत. त्यांत कल्याण, सोपारा, नाशिक ही गावे येतात. उद्यानही सोमवारी बंद असते.

एकाच दिवशी दोन्ही करू नका. मला निवडायला सांगितले तर, वडिलांसाठी घारापुरी.

प्रतिसाद (फोर्टमधील निवृत्त कर्मचारी)

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. कान्हेरी उत्तम आहे, पण फोर्टमध्ये मुक्काम असेल तर बोरिवलीला जाऊन-येऊन अर्धा दिवस प्रवासात जातो, आणि लोकलने जायचे तर गर्दीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळात वडीलधाऱ्या माणसांना घेऊन लोकलमध्ये चढू नये. फलाटावर चुकामूक झाली तर फार घाबरायला होते. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत ते घडले आहे.

प्रतिसाद (परभणीकर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना हे सगळे वाचून दाखवले. सदाशिवाबद्दलचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि कपाटातून जुने पाठ्यपुस्तक काढून चित्र पुन्हा पाहिले. दुसरा आठवडा ठरवत आहोत. पहिला दिवस फोर्ट आणि दुसरा घारापुरी. परतल्यावर जमल्यास दादर. तिसऱ्या दिवसासाठी वडिलांनी स्वतःहून गिरगावचे नाव घेतले. लोकमान्यांशी संबंधित जागा पाहायच्या आहेत असे ते म्हणतात. आईला समुद्राच्या काठी निवांत बसायचे आहे. तिकडे काय करता येईल? आणि पहिल्या दिवशी आईने वाटेत कुठे बसावे, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद (गिरगावातील माहेरवाशीण)

माझे माहेर गिरगावातले. लग्नानंतर पुण्यात असले तरी दर गणपतीला जाते. तुमच्या वडिलांनी अगदी योग्य नाव घेतले.

लोकमान्यांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात झाले, आणि अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. त्यांचा देह पद्मासनात बसवलेला होता. चौपाटीवर त्या ठिकाणी त्यांचा पुतळा आहे. संध्याकाळी तिथे कुल्फी आणि भेळ खाणाऱ्यांची गर्दी असते आणि पुतळ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सकाळी सातच्या सुमारास जाल तर तुम्ही तिघे आणि फिरायला आलेले काही ज्येष्ठ नागरिक एवढेच असाल. तिथून जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे. १८९३ मध्ये मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे बसला, आणि तो आजही साधेपणाने होतो. चाळीत माणसे राहतात, म्हणून आत शिरण्याआधी दारातल्या कोणाला तरी विचारा आणि छायाचित्रे काढताना घरांच्या दारांकडे कॅमेरा करू नका. हेच खोताच्या वाडीलाही लागू आहे. लाकडी सज्जे, बाहेरून वर जाणारे जिने आणि अंगणातले क्रूस अशी ती वाडी आहे. पण एकेक घर पडते आहे आणि त्या जागी इमारती येत आहेत. मी लहानपणी ज्या घराच्या ओट्यावर बसून चिंचा खात असे, तिथे आता पत्रे लावले आहेत. जे आहे ते तुमच्या वडिलांनी या वर्षीच पाहून घ्यावे.

गावदेवीत मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. त्यांची खोली, चरखा आणि साधी बैठक जपून ठेवली आहे, पण ते सगळे वरच्या मजल्यांवर आहे आणि जिने लाकडी आहेत. आईंना खालच्या ग्रंथालयापाशी थांबता येईल. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे, जिथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा ठराव झाला. त्या मैदानात आता पाहण्यासारखे फार नाही. तरी वडिलांना तिथे उभे राहावेसे वाटेल.

दुपारी विश्रांती घ्या आणि चारच्या सुमारास टॅक्सीने बाणगंगेला जा. वाळकेश्वरचे हे तळे शिलाहार राजांच्या काळातले, ११२७ चे मानले जाते. १७१५ मध्ये रामा कामत यांनी ते पुन्हा बांधले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडे आहे. आईंनी खाली उतरू नये, पायऱ्या उंच आहेत. वरच्या पायरीवर दीपमाळांजवळ बसले की सगळे तळे दिसते: बदके, धुणे वाळत घातलेल्या गच्च्या, देवळांची शिखरे आणि मागे वीस-वीस मजल्यांचे मनोरे. आमची आजी श्राद्धाला इथे येत असे आणि परतताना नेहमी म्हणत असे, 'मुंबईत गाव पाहायचं असेल तर इथे बसावं.'

सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हवर या. तिथला कठडा बसायला योग्य उंचीचा आहे आणि आईंना पाय खाली टेकता येतील. दिवे लागेपर्यंत उठू नका. जेवण करून टॅक्सीने स्थानक गाठायला वेळ लागत नाही, तरी गाडीच्या वेळेआधी तासभर निघा.

प्रतिसाद (फोर्टमधील निवृत्त कर्मचारी)

आईंच्या बसण्याविषयी. गेटवेजवळच्या महाराजांच्या पुतळ्याच्या बागेत आणि संग्रहालयाच्या आवारात बसता येते. ओव्हलवरून हुतात्मा चौकात आलात की थेट स्थानकाकडे न जाता पूर्वेकडे हॉर्निमन सर्कलला जा. सपाट रस्ता आहे, दहा मिनिटेही लागत नाहीत. गोल रस्त्याच्या मध्ये बाग आहे, झाडे जुनी आणि गर्द आहेत, आणि डिसेंबरात दुपारीही तिथे गारवा असतो. आईंना तिथे बाकावर बसवा, बरोबर पाणी आणि खायला काहीतरी ठेवा. समोरच टाऊन हॉल आहे, १८३३ चा. त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. त्याच्या पांढऱ्या खांबांपर्यंत चढायला तीस पायऱ्या आहेत. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर आजूबाजूच्या कचेऱ्यांतली आणि महाविद्यालयांतली मुले अभ्यास करत बसलेली असतात. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये सापडलेला अवशेषांचा करंडक, म्हणजे अवशेष ठेवायचे झाकणाचे भांडे, याच संस्थेकडे आहे. तो सहसा पाहायला मिळत नाही. पण आत जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळा आहे, आणि स्थानकावर त्यांचा कोरलेला चेहरा शोधण्याआधी तो पाहिलेला असला तर वडिलांना ते लगेच ओळखता येतील. आई बागेतून त्यांना पायऱ्या चढताना पाहू शकतील.